आतोबांचा उंबर

माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या आतोबांइतका, झाडांच्या वतीने भांडणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेली. त्यामुळे झाडाखाली उभे राहिले की आधी वर कोण कोण बसलंय ते बघायचे. त्यांच्या हापूसवर बांडगूळ वाढलं होतं. छाटून टाका, असं शेजारी रोज सांगायचे. आतोबांनी सगळं छाटलं, एक फांदी मात्र ठेवली. "अंगठ्याएवढा पक्षी आहे हो, याच्याच फळांवर जगतो. त्याने कुठे जायचं?" हे त्यांनी इतक्या कळकळीने विचारलं, की शेजाऱ्यांना उगाचच अपराधी वाटलं.

पण खरा जीव घरामागच्या ओहोळाकाठच्या उंबरावर. बाकीची झाडं रिकामी असतानाही तो लगडलेला असायचा. दिवसा हिरवी कबुतरं, अंधार पडला की वटवाघळं, आणि पाण्यात पडेल ते माशांना. परसात सडेल ते आत्याला. ती खराटा आपटत म्हणायची, "कधीतरी माझ्या बाजूने बोला." मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलीचं कौतुक राहिलं बाजूला, आतोबा उंबराच्या पोटातल्या किड्यावरच घसरले. "किडा नसेल तर उंबराला बी धरायचं नाही, आणि उंबर नसेल तर किडा जन्मायचा नाही. याला म्हणतात संसार." त्यानंतर समोर ठेवलेल्या अंजीर बर्फीला कुणी हात लावला नाही. लग्न मात्र जमलं.

मग एका वादळात तो उंबर मुळासकट आडवा झाला. मुंबईहून मुलगा आला, करवतवाले बोलावले. आतोबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "पडलेलं लाकूडही कामाचं असतं. भुंगे येतील, अळंबी येईल, सुतार येईल."

"सुतार कशाला?" मुलाने विचारलं.

"पक्षी रे."

बोलले असं, पण जेवण तुटलं. तिन्हीसांजेला वटवाघळं यायची, रिकाम्या जागेवर घिरट्या घालून निघून जायची. आतोबा मागच्या पायरीवर बसून बघत राहायचे. काही दिवसांनी तीही यायची थांबली. आतोबा तरी बसायचेच.

एके सकाळी आत्याने न्हाणीघराच्या भिंतीत उगवलेलं उंबराचं रोप पहारीने अलगद सोडवलं. एरवी असली रोपं ती उपटून फेकायची. हे ओहोळाकाठी नेऊन तिने खड्ड्यात बसवलं. आतोबा जवळ जाऊन उभे राहिले.

"याला फळ धरेपर्यंत आपण कुठे असणार?"

आत्या माती दाबत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यासाठी कुठे लावतेय?"

आतोबा कळशी उचलून पाणी आणायला गेले.