काकूंच्या वडिलांची पाटी

आमच्या सोसायटीत मागण्या सहसा एकमताने नामंजूर होतात. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूंची स्मारकाची मागणी मंजूर झाली तेव्हा मंजूर करणारेच दचकले.

काकू चौऱ्याऐंशीच्या. वडील अंदमानात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आई बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी आली आणि मागे, दुसऱ्या महायुद्धात, जपानी सैन्याने बेटं घेतली. हेरगिरीचा आळ घेऊन ज्या साध्या माणसांना त्यांनी गोळ्या घातल्या, त्यांत हे कंपाउंडर होते. मुलीचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही.

"तिथी माहीत नाही," काकू सभेत म्हणाल्या, "म्हणून जन्मभर सर्वपित्रीला उरकतेय. सगळ्यांच्या गर्दीत. एकदा तरी त्यांचं काही वेगळं असू दे. तिकडे स्मारक आहे म्हणतात. पण माझे गुडघे नाही म्हणतात."

अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं, "किती स्कूटर हलवाव्या लागतील?"

"एकही नाही. गेटाशेजारी भिंतीवर पाटी."

मंजूर.

सेक्रेटरी म्हणून मजकूर मी लिहिला. तरुणपणी नाटकांत कामं केलेली, त्यामुळे आधी जिन्यात उभं राहून खड्या आवाजात म्हणून पाहिला. दोन दारं उघडली आणि लगेच बंद झाली. मग कागद घेऊन शनिवार पेठेतल्या पेंटरकडे गेलो. या गृहस्थांनी निम्म्या पुण्याला पाट्या रंगवून दिल्या आहेत.

पाटी देखणी झाली. काळ्यावर पांढरी अक्षरं: अंदमानात जपानी सैन्याकडून मारल्या गेलेल्या नागरिकांच्या स्मरणार्थ. त्याखाली काकूंच्या वडिलांचं नाव. आणि त्याखाली, लाल रंगात, मी न लिहिलेली ओळ: 'येथे वाहन लावू नये. हवा सोडली जाईल.'

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं?" पेंटर म्हणाले. "गेटाशेजारची पाटी ना?"

शिक्षा घ्यायच्या तयारीने मी ती काकूंपुढे धरली. "पुसून आणतो, काकू."

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"राहू दे रे. मेलेल्यांसाठी कोण थांबतं इथे? टायरसाठी थांबतील."

पाटी लागली. दुसऱ्याच दिवशी एका मिशाळ पार्सलवाल्याने स्कूटर नेमकी तिच्याखाली लावली. लाल ओळ वाचून घाईघाईने पुढे ढकलली आणि परत आला. बहुधा आणखी कशाकशाला मनाई आहे ते बघायला, वरपासून वाचू लागला.

"साहेब," त्याने मला विचारलं, "अंदमानात जपानी होते?"

मी घसा साफ केला. हा प्रवेश माझा होता. तेवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली.

"त्याला काय विचारता?" काकू म्हणाल्या. "माझे वडील आहेत ते. या इकडे."

तो खिडकीशी गेला. बराच वेळ उभा राहिला. मी त्याच्या स्कूटरपाशी थांबलो, कुणी हवा सोडू नये म्हणून.