डुकरांचा कोतवाल

लायमन पेटिबोनचे वडील देशाचे अध्यक्ष होते, आणि हे त्याला कुणी कधी विसरू दिलं नाही. वडिलांच्या चिठ्ठीवर तो परदेशातल्या एका बंदरात वकिलातीत गेला, मग जकातीवर, मग टपालखात्यात. नेमणुकीचा प्रत्येक कागद ‘आपल्या पूज्य वडिलांच्या’ इथूनच सुरू व्हायचा. पुढे वडील गेले, सरकार बदललं, खुर्ची गेली. सेहेचाळिसाव्या वर्षी तो अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या डोंगरात, वडिलांच्या गावी येऊन राहिला. त्याच हिवाळ्यात केझाया कोलबर्न या विधवेशी त्याने लग्न केलं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते. बर्फ मऊ पडलेला, मेपलच्या झाडांना रस सुटलेला, पायऱ्यांवर बुटांचा चिखल. रस्त्यांवरून दोन तास भांडून झाल्यावर सभा चालवणारे अमासा थ्रॉल म्हणाले,

“आता मोकाट डुकरं धरणारा, डुकरांचा कोतवाल. यंदा नवरी कुणाच्या घरी आली?”

“पेटिबोन!” झाडून सगळे हात वर.

लायमन उठला. “मंडळी, वडिलांचं नाव न काढता मिळालेलं हे माझं पहिलं पद. शपथेवर सांगतो, प्राणपणाने सांभाळीन.”

सगळ्या सभेला एकदम खोकला आला. कुणी टोपीत तोंड खुपसलं.

परतताना गाडीत केझायाला राहवेना. “अहो, थट्टा होती ती. इथे प्रत्येक नव्या नवऱ्याला कोतवाल करतात. काम कुणीच करत नाही.”

लायमनने लगाम ओढून गाडी थांबवली.

“प्रत्येकाला?”

“माझ्या पहिल्यालासुद्धा.”

“म्हणजे तेव्हा वडिलांच्या जिवावर, आता तुझ्या!”

“मग कमवा की. शपथ तर घेऊन बसलात.”

जूनमध्ये अमासांची डुकरीण शेजारच्या बटाट्यांत शिरली. वकिलातीतला लांब कोट घालून लायमन तिच्यामागे धावला, दोनदा तोंडावर पडला आणि दुपारपर्यंत त्याने तिला कोंडवाड्यात घातलं. अख्खं गाव बघायला जमलं.

“अरे, गंमत कळत नाही का तुला?” अमासा कडाडले. “तुझे वडील आणि मी एका बाकावर शिकलो!”

“मग त्यांच्याकडे दाद मागा, काका. डुकरीण माझ्याकडे आहे. जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी पडल्याशिवाय सुटायची नाही.”

कडी पडली. महिन्याभरात गावातलं एकही डुक्कर बिनकडीचं उरलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये ओरिन टटल नवा नवरा होता. अमासांनी रीतीने त्याचं नाव पुकारलं. मागून कुणीतरी ओरडलं, “पेटिबोनच राहू दे! माझे बटाटे वाचलेत!” गलका झाला. शेवटी हात मोजावे लागले. लायमनकडे एकतीस, ओरिनकडे सव्वीस.

दाराशी सभेच्या जेवणासाठी घेवड्याचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या केझायाकडे तो जवळजवळ पळतच गेला.

“ऐकलंस? सव्वीस जण माझ्याविरुद्ध!”

“मग एवढं हसता काय?”

“अगं, वडिलांच्या मुलाविरुद्ध आजवर एकानेही हात वर केला नव्हता!”