कितव्या पानावर मरायचं?

नवीन पिक्चरची स्क्रिप्ट हातात आली की काका आधी एकच गोष्ट शोधायचे: आपण कितव्या पानावर मरतो. सापडलं की तिथे पेन्सिलने फुली मारायची, आणि मग निवांत पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचं.

गेल्या वर्षी काका खरोखरचे गेले. एवढा नावाजलेला नट अर्विंगमध्ये आमच्या शेजारी राहायचा, हे नागपूरला अजून कुणाला पटत नाही. आईवडील मेक्सिकोचे, जन्म मात्र इथलाच, टेक्सासचा. आमच्या मुलीने काका म्हणायला सुरुवात केली आणि तेही ओ द्यायला लागले. चेहऱ्यामुळे सगळे त्यांना डाकू नाहीतर स्मगलर करायचे, आणि असला माणूस शेवटपर्यंत जगतो थोडाच! मला भारी उत्सुकता. एकदा विचारलंच, "काका, मरायची प्रॅक्टिस कशी करता हो?"

"मरणं सोपं आहे रे. मेल्यावर नाकावर माशी बसते, तेव्हा खरी अ‍ॅक्टिंग."

त्यांच्या आईने मात्र लेकाचा एकही पिक्चर पूर्ण पाहिला नव्हता. नव्वदीची म्हातारी, एकदम तल्लख. पण लेक अडचणीत आला असं दिसलं की पर्स उचलून थेट बाहेर. बक्षिसांनी काकांची भिंत भरली, तरी ही बोच होतीच. आई आहे तोवर तिला एकदा शेवट दाखवायचाय, असं मला किती वेळा म्हणाले असतील.

सत्तरीत तो रोल आला. हिरोचा! काका कुंपणावरून ओरडले, "यार, मी जगतोय!" हे 'यार' आमच्याकडून उचललेलं.

थिएटरला मीच ड्राइव्ह केलं. पडद्यावर कुणीतरी काकांवर बंदूक रोखली आणि म्हातारी उठलीच. तिच्यामागे काका, त्यांच्यामागे मी. ती लॉबीतल्या बाकावर जाऊन बसली.

"आई, या वेळी नेम चुकतो. देवाशपथ. चल ना आत."

"दर वेळी हेच सांगतोस."

सांगायचे खरे. तिने बसून राहावं म्हणून काकांनी आजवर भरपूर थापा मारल्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं, की मीच मध्ये पडलो. "आजी, खरंच जगतात हो."

तिने काकांच्या गालावरून हात फिरवला. "जगलाय की. हा काय समोर. मग आत कशाला जायचं?"

आत टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा काका खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा लावत होते.