पाण्याच्या टाकीपाशी बस बंद पडते

माझे काका एकतीस वर्षं बस चालवत होते, आणि त्यांची नोकरी अर्ध्या फेरीत संपली. डोळ्यांच्या तपासणीचा कागद आगारात पोचला तेव्हा ते रस्त्यात होते. चोविसाव्या थांब्यावर दुसरा ड्रायव्हर वाट पाहत उभा होता. डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, असं त्या कागदात लिहिलेलं होतं. काका खाली उतरले, बस त्याच्या ताब्यात दिली आणि चालत घरी आले. फेरी सत्तेचाळीस थांब्यांची होती. तेवीस राहिले.

हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दोन वर्षांनी, बंद होणाऱ्या एका गेमिंग सेंटरमधून ते जुना कॉम्प्युटर घेऊन आले, तेव्हा आम्हाला अंदाज आला. काळा डबा, एक बाजू काचेची, आत निळे-जांभळे दिवे. काकू दारातच म्हणाली, "घरात सर्कस आणलीत?"

"बस आहे ती," काका म्हणाले.

आणि खरंच होती. त्या खेळात बस चालवता येते, रस्ताही आपला आपण आखता येतो. काकांनी टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल मांडली आणि चार महिने बसून आपला जुना मार्ग आठवून आठवून उभा केला. चढ, वळणं, शाळेची भिंत, एकोणिसाव्या थांब्याची पाण्याची टाकी, सगळं. पडदा समोरच असतो, त्यामुळे डाव्या डोळ्याची अडचण नव्हती. आता त्यांना एकच गोष्ट करायची होती: पहिल्या थांब्यापासून सत्तेचाळिसाव्यापर्यंत एकदा, न थांबता, पूर्ण जायचं. दोन तास दहा मिनिटं. मूळ फेरी तीनला सुटायची, म्हणून हीसुद्धा तीनला. घरातल्या घरात पायांत बूट घालून.

पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी पडदा काळा झाला. पंखे थांबले, दिवे गेले, आणि क्षणभराने सगळं आपोआप परत सुरू झालं, जणू काही घडलंच नाही. फक्त बस पुन्हा पहिल्या थांब्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशीही टाकीपाशीच. तिसऱ्या दिवशी टाकीच्या जरा अलीकडे.

काकांनी ड्युटीच्या दिवसांतली लांबट वही काढली. तारीख, वेळ, जागा, दोष असे चार रकाने. पहिले तीन ते नीट भरायचे. चौथ्यात रोज एकच नोंद असायची: समजत नाही.

"त्या टाकीतच काहीतरी आहे," एका संध्याकाळी ते मला म्हणाले. "मी चुकीची आखली असणार." मला साहित्याचे पेपर लिहिता येतात, कॉम्प्युटरचं पोट कळत नाही, त्यामुळे मी मान हलवली. त्यांनी टाकीचा थांबा नकाशातून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी बस पुढच्या थांब्यावर बंद पडली.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारी बाई तिशीची, कमी बोलणारी, स्क्रू-ड्रायव्हर केसांत खोचून फिरणारी. काकांनी पहिल्या भेटीतच तिचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं. ती दुपारी घरी आली. काकू हातातलं काम टाकून उठली, खुर्चीवरचे शाळेचे गणवेश उचलले, चहा ठेवला आणि पदर सावरून शेजारी उभी राहिली. काकू घरी गणवेश शिवते. आतल्या खोलीत तिचं मशीन आणि इस्त्रीचं टेबल आहे.

डॉक्टरीणबाईने काचेची बाजू उघडली. आत धुळीचा लोकरीसारखा थर होता. तो ब्रशने काढला, प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. मग काकांनी बस सोडली. टाकी गेली, पस्तिसावा थांबा गेला, आणि काही झालं नाही. तेवढ्यात दुकानातून बोलावणं आलं, म्हणून ती उठली आणि तिला पोचवायला काकाही फेरी सोडून उठले. तिला अर्ध्यावर एकटं सोडणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"डॉक्टर आला की दुखणं पळतं," काकू म्हणाली.

दुखणं दुसऱ्या दिवशी साडेतीनला परत आलं.

मग डबा दुकानात गेला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खरोखरच खराब निघाली. तपासणीच्या पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती. ती बदलली. काकांच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत प्रथमच रंग आला. घरी आणून लावला तेव्हा काकू बहिणीकडे गेली होती. पहिल्या दिवशी बस एकेचाळिसाव्या थांब्यापर्यंत गेली आणि वीज गेली, साऱ्या गल्लीचीच. दुसऱ्या दिवशी काकांना चुकून एका वळणावर भिंत लागली आणि त्यांनी स्वतःच फेरी रद्द केली. "धडक देऊन पुढे जायचं नसतं." तिसऱ्या दिवशी काकू परत आली आणि बस अठराव्या थांब्यावर बंद पडली.

पॉवर सप्लाय बदलला. बंद पडली. ग्राफिक्स कार्ड काढून दुकानातलं लावून पाहिलं. बंद पडली. दोन्ही एकदम बदलून पाहू, असं काका म्हणाले होते, पण बाईचा नियम कडक होता: एका वेळी एकच. दोन बदलले तर कुठल्याने बरं झालं ते कळत नाही. दुकानात मात्र तोच डबा सहा-सहा तास मुकाट चालायचा. एक-एक अवयव नवा झाला आणि आजार जुनाच राहिला, तेव्हा मला प्रश्न पडायला लागला की आजार नक्की आहे कोणाचा. काकांनाही बहुधा तोच पडला असावा. चहा पिताना ते डाव्या डोळ्यावर हात धरून भिंतीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "मलाच दिसत नसेल का, काय होतंय ते?"

चौथ्यांदा डॉक्टरीणबाई आली ती डबा न उघडता वही घेऊन बसली. काका तिच्यासमोर हात बांधून, साहेबापुढे उभं राहावं तसे उभे. काकूने चहा आणून ठेवला.

"तीन पस्तीस, तीन तेहतीस, तीन चाळीस," बाई वाचत होती. "आणि हे दोन दिवस नाहीच."

"ते दोन दिवस मी बहिणीकडे होते," काकू म्हणाली. "मी घरात नसले की यांचं सगळं सुरळीत चालतं."

"तसं काही नाही," काका म्हणाले.

"वहीत लिहिलंय की."

बाईने वही मिटली. "काकू, साडेतीनला तुम्ही काय करता?"

"काय करणार? इस्त्री. सकाळी शिवलेलं दुपारी इस्त्री करून घडी घालते."

"आत्ता तीन चाळीस झालेत. आज का नाही केलीत?"

काकूने तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं. "तुम्ही आलात ना. घरी माणूस आल्यावर त्याच्याकडे पाठ करून इस्त्री करत बसायचं?"

बाईने आतल्या खोलीतल्या इस्त्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, "करा."

"काय?"

"इस्त्री करा. मी घरात नाही असं समजा. काका, तुम्ही बस काढा."

काकूला ते फार अवघड गेलं. दोनदा मागे वळून पाहून तिने बटण दाबलं. इस्त्रीची वायर दाराच्या चौकटीखालून बाहेरच्या खोलीत यायची आणि कॉम्प्युटर होता त्याच भिंतीतल्या जुन्या सॉकेटला, त्याच बोर्डावर लागायची. इतकी वर्षं ती तिथेच होती. ती कोणाला दिसायची बंद झाली होती. बस तिसऱ्या थांब्यावर होती. इस्त्री तापली, आतून टक असा आवाज आला, दिवा विझला. गार झाली, पुन्हा टक, दिवा लागला. आणि पडदा काळा झाला.

काकूने इस्त्री अशी खाली ठेवली, जणू कोणाला चटका बसला होता.

मेन बंद करून बाईने सॉकेट भिंतीतून ओढून काढलं. एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं, आतली पितळी पकड सैल झाली होती. "इस्त्री जोरात ओढते तेव्हा इथे ठिणगी पडते आणि याला पोचणारी वीज तुटते," ती म्हणाली. "डब्यात फक्त रॅमचाच दोष होता. तुमचं जुनं कार्ड आणि जुना पॉवर सप्लाय परत बसवते, ते ठणठणीत आहेत."

तिने नवं सॉकेट बसवलं आणि इस्त्रीची वायर स्वयंपाकघरातल्या वेगळ्या सॉकेटवर नेली.

"म्हणजे बस मीच बंद पाडत होते," ती गेल्यावर काकू म्हणाली.

"प्रवाशांमुळे फेरीला उशीर होतोच," काका म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला त्यांनी बूट घातले. काकू दारात आली. "आजच्या दिवस इस्त्री राहू देऊ का?"

काकांनी बराच विचार केला. स्टिअरिंगवर हात ठेवून ते पडद्यावरच्या रिकाम्या पहिल्या थांब्याकडे पाहत राहिले. "कर," ते म्हणाले. "रिकाम्या रस्त्यावर कोणीही चालवेल."

मी मागे स्टुलावर बसले. साडेतीनच्या सुमारास आतून पहिली टक ऐकू आली आणि काकांचे खांदे कानांपर्यंत गेले. बस चालत राहिली. दुसरी टक. तिसऱ्या टकेला खांदे अर्ध्यावरच थांबले. पाण्याची टाकी दिसू लागली तसा त्यांनी वेग कमी केला, कडेला घेतली, दार उघडलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी गोंधळून आरशात पाहिलं, दार लावलं आणि निघाले. जुना चोविसावा थांबा आला तेव्हा आतली टक आणि बसचं दार एकदमच वाजलं. त्यांनी दार लावून बस पुढे काढली. पुढचे थांबे मला अनोळखी होते. त्यांचे डोळे मात्र प्रत्येक वळणाच्या आधी वळत होते.

पाच वाजून अकरा मिनिटांनी बस शेवटच्या थांब्यावर लागली. प्रवासी उतरले. काकांनी इंजिन बंद केलं, पण उठले नाहीत. आतून इस्त्री केलेल्या कपड्यांचा ऊबदार वास येत होता. काकू गणवेश हातावर घेऊन बाहेर आली.

"उतरा आता."

"थांब. कोणी मागे राहिलं नाही ना, बघतो." त्यांनी शेवटपर्यंत सीट पाहिल्या. मग पडद्याच्या कोपऱ्यातला थांब्यांचा आकडा वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे वळले. "हे सेहेचाळीस कसं दाखवतंय?"

मीही वाचला. सेहेचाळीसच होता.

काकांनी बोटांवर थांबे मोजायला सुरुवात केली. एकोणिसाव्यावर बोट थांबलं. "टाकी," ते म्हणाले. "टाकीचा थांबा मीच काढून टाकला होता. तिचा काही दोष नसताना." मग हळूच, "तिथे कोणी उभं असतं तर मागे राहिलं असतं."

काकू गणवेशांच्या घडीवरून हात फिरवत उभी होती. "म्हणजे उद्या परत तीनला?"

"आधी थांबा परत घालतो." बुटांची नाडी सोडायला वाकलेले काका तसेच सरळ झाले आणि नकाशा उघडून बसले. वही बाजूला उघडी होती. तारीख, वेळ आणि जागा त्यांनी भरली होती. दोषाच्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचत नसावं. पेन तिथे टेकवून ते टाकी शोधत होते.