अक्काच्या ओठांवरची शाई

अक्काच्या सासरहून, भोकरदनहून, निरोप घेऊन माणूस आला, तेव्हा मी केदारखेड्यात चार लोक जमवून अक्काच्या ऑपरेशनचीच गोष्ट रंगवत होतो. दोन्ही अंडाशयांवर गाठी निघाल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या; माझ्या तोंडात त्यांचे नारळ झाले होते. गाठी साध्या निघाल्या म्हणून राजूरच्या गणपतीला पेढे ठेवून महिनाही झाला नव्हता. आणि हा माणूस सांगतो, शांताअक्का गेली. आतड्यात आतडं शिरलं होतं...

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या ओठांवर निळे-काळे ठिपके होते. शाळेत असतानाच मी गावभर उठवलं, की हिनं शाईची दौत बोरूसकट गिळली. लग्नानंतर सासूला वाटलं, सून चोरून मिसरी लावते. तेव्हा अक्काच हसून म्हणाली, "मिसरी न्हाई आत्याबाई, भावानं शाई पाजली मला." गोष्ट घरात अशी मुरली, की आईच्याही ओठांवर तसेच डाग होते आणि आईही पोट धरूनच गेली, हे कुणी जोडलंच नाही.

जालन्याला डॉक्टरांनी ऑपरेशनआधी विचारलं होतं, हे डाग कधीपासूनचे? अक्का बोलणार, तेवढ्यात मी म्हणालो, "साहेब, अख्खी दौत प्यालीय ही. कागद पुढं धरा, ओठानं सही करते." सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले अन् पुढच्या खाटेकडं गेले.

"अरे, आईचं सांगून राह्यले होते मी," अक्का म्हणाली.

उद्या सांगू, म्हणालो. तो उद्या मी आणलाच नाही.

तेराव्यानंतर डॉक्टरांशी भांडायला गेलो. आईचं ऐकल्यावर त्यांनी अक्काचे कागद पुन्हा काढून पाहिले. मग म्हणाले, हा फार विरळा, पिढीजात रोग. ओठांवरचे डाग, अंडाशयातल्या या साध्या, पण वेगळ्याच जातीच्या गाठी, आतड्यातले मांसाचे कोंब, सगळं एकाच मुळाचं. आईचं तेव्हा कळलं असतं, तर आतडंही तपासलं असतं. झालं. भांडायला मीच तेवढा उरलो. चीड येते ती या जिभेची, आणि त्या पेढ्यांचीसुद्धा.

अक्काची सुमी आठ वर्षांची आहे. परवा पोरींनी तिला तिच्या ओठावरच्या ठिपक्यांचं विचारलं. ती ऐटीत म्हणाली, "मामाला विचारा, मी शाई प्यालेय."

सोमवारी पहिल्या एस.टी.नं तिला जालन्याला नेतोय. वाटभर एकच वाक्य घोकणार आहे: हिच्या आजीला होते, आईला होते, हिलाही आहेत. पुढं एक शब्द जोडायचा न्हाई.