मांडीवरची वही

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, इतकी वर्षं ध्यान करून तुला काय मिळालं?" त्याचं उत्तर आज लिहिते आहे.

शाळेतून निवृत्त होऊन वेल्ह्याला आल्यावर मी रोज सकाळी ओसरीवर ध्यानाला बसायचे. मांडीवर वही असायची. मन भटकलं की त्यात एक रेघ ओढायची, अशी माझी शिस्त. रेघा वाढतच गेल्या. 'मी कोण' हे या जन्मी कळणारच नाही, असं वाटून एकदा रडूच आलं. तेवढ्यात दूध घालणारी धनगरीण दारात आली. वही पाहून म्हणाली, "बाई, शाळा सुटली तरी हजेरी घेताच व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. "शेरडू लांब गेलं की आमी हाक मारतो, ते माघारी येतं. किती येळा गेलं, ते कोण लिवतं?"

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेतली नाही.

आत्मज्ञान अजून झालेलं नाही. गुडघ्यांमुळे आता खुर्चीवर बसते. मन जातं, मी हाक मारते, ते येतं. रोजचं हे बसणं मात्र टिकून आहे.