मामाने खोडलेली लाट

माझ्या मामाचं पोट लाटांवर चालायचं, आणि घोटाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी त्याची गाळण उडायची. बंदराच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून, तो तीस वर्षं लाटा मोजत बसला. दूर समुद्रात एक तरंगता गोळा सोडलेला होता. तो जसा वरखाली होई, तशी कचेरीतली लेखणी कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढी. मामा त्या रेघेचा एकेक उंचवटा फूटपट्टीने मोजून वहीत उतरवायचा. घरीही तेच. माझ्या वाढदिवसाचा केक त्याने कापला, की भांडायला जागाच उरायची नाही. त्याच्या काटेकोरपणाने माझं डोकं फिरायचं, पण जीव होता माझा त्याच्यावर.

कचेरीचा एक नियम होता. आसपासच्या लाटांच्या दुपटीहून उंच काही दिसलं, तर ती लाट नव्हेच, यंत्राचा बिघाड. पेन्सिलीने फुली मारायची आणि वहीत घ्यायचं नाही. अशा टोकाला मामा 'शिंक' म्हणायचा. "यंत्रालाही सर्दी होते गं," असं सांगून स्वतःच हसायचा.

माझे बाबा एका लहान मालवाहू बोटीचे कप्तान होते. मी चौदा वर्षांची असताना एका दुपारी, त्या गोळ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या बोटीवर एक लाट कोसळली. काचा फुटल्या, एका खलाशाचा पाय मोडला, निम्मा माल समुद्रात गेला. चौकशीत बाबांनी सांगितलं, "एकच आली, साहेब. आधी समोर खड्डा पडला, मग ती उभी राहिली. आठ मीटर तरी असेल. पुढे काही नाही, मागे काही नाही." चौकशीवाल्यांनी मामाची वही मागवली. त्या दिवशी वहीत तीन मीटरच्या वर काही नव्हतं. फुली आधीच पडली होती, आणि फुल्यांबद्दल कुणी विचारत नसे. ठरलं असं, की कप्तानाने बोट चुकीची वळवली आणि आता तो थापा मारतोय. बाबांना गोदामात दोरखंड देण्याच्या कामावर बसवलं. बोट गेल्यापेक्षा शब्द गेल्याचं त्यांना जास्त लागलं.

मामा दर रविवारी जेवायला यायचा. विषय निघाला की ताटाकडे बघत म्हणायचा, "दाजी, राग मानू नका, पण कागद खोटं बोलत नाही हो." बाबा आईला म्हणायचे, "त्याला अजून वाढ." मी मनातून मामाच्या बाजूची होते. आज हे लिहितानाही मला लाज वाटते.

अकरा वर्षांनी विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. त्यांना वह्या नको होत्या, फुल्या मारलेले कागदच हवे होते. जुन्या गुंडाळ्या जाळायचा हुकूम होता, पण मामाला साधा चिटोरा टाकवत नसे. सगळं माळ्यावर रचून ठेवलेलं. बाई त्याला समजावू लागल्या, "काका, कालव्यातून कधी पाण्याचा एकच उंचवटा आकार न मोडता मैलभर चालत जातो, ते लोकांना पटतं. ही दुसरी जात कुणाला पटत नाही. ही लाट शेजारच्या लाटांचं बळ ओढून घेते. त्या खचतात, ही एकटी वाढते आणि बघता बघता विरते. आम्ही काचेच्या हौदात करून बघितलीय."

"म्हणजे माझ्या शिंका?"

"त्यातल्या काही खऱ्या. टोकाच्या शेजारी खड्डा दिसला, की समजायचं."

खड्डा म्हटल्यावर मामा खुर्चीतून उठलाच.

त्याच दिवशी तो एक गुंडाळी काखेत मारून आमच्याकडे आला. जमिनीवर कागद पसरून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. आधी बेताच्या लाटा, मग जवळजवळ सपाट झालेली रेघ, मग खड्डा, आणि तिथून सरळ वर गेलेलं टोक. त्यावर मामाच्या हातची फुली. त्याने ते टोक तिथेच गुडघ्यांवर बसून मोजलं.

"साडेसात, दाजी."

"मी आठ म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "घाबरलो होतो ना."

आई उठून आत गेली. त्या दिवशी तिला भावाचं तोंड बघवेना.

मामाने अर्ज लिहिला, की चूक माझी, चौकशी पुन्हा करा. निवृत्तीला तीन महिने उरले होते. आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतोस, असं कचेरीतल्या सगळ्यांनी त्याला सांगून पाहिलं. त्याने कुणाचं ऐकलं नाही.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"ही फुली कुणी मारली?"

"मी मारली, साहेब."

"आणि कप्तान तुमचे कोण?"

"माझ्या बहिणीचे यजमान."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "असं होय! म्हणजे घरच्या माणसासाठी बिघाडाची आता लाट झाली."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हा बाबा उभे राहिले.

"साहेब, यानं नातं बघितलं असतं, तर ही फुली त्याच आठवड्यात पुसली गेली असती. माझी बोट जात होती तरी यानं नियम सोडला नाही. अकरा वर्षं माझ्या घरी जेवला आणि माझ्याच तोंडावर मला खोटा म्हणाला. याचं मोजमाप तुम्हाला चालत नसेल, तर मग कुणाचं चालेल?"

मामा साहेबांसमोरच लहान मुलासारखा रडायला लागला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अधिकाऱ्याने थोडा वेळ दोघांकडे पाहिलं, मग पेन उचललं आणि लिहिलं, साडेसात मीटर.